पहिली बंदूक कोणती घ्यावी?

दसऱ्याच्या दिवशी शस्त्रे पुजण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. ज्याच्या घरी तरवार असेल तो तरवार पुजतो. ज्याच्या घरी नसेल तो तराजू, करवत, लेखणी, खतावणी आणि हल्ली मोटार व संगणक यांवर झेंडूची माळ घालतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही आमची तिन्ही गावे व्यापाराची व कारखान्यांची. तेव्हा येथे तराजूची व यंत्राची पूजा अधिक व्हावी हे योग्यच आहे. तथापि चार पैसे गाठीस बांधलेल्या कित्येक गृहस्थांच्या मनात अलीकडे एक निराळीच हौस शिरलेली आम्हांस दिसते. आपल्या घरी एक खरी रायफल असावी, सुटीच्या दिवशी बारवीच्या रानाकडे किंवा मुरबाडच्या डोंगराकडे जावे, आणि वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेल्या शिकारीच्या गोष्टींतील एखादी आपणही घडवून आणावी, असे त्यांस वाटते. मग प्रश्न सुरू होतात. स्वस्तात पडेल अशी पहिली रायफल कोणती? तिचे बोअर किती असावे? तिच्यावर दुर्बीण कोणती बसवावी? चिरंजीव सोळा वर्षांचे झाले, त्यांस आता शिकवावयास हरकत काय?

प्रश्न विचारणारे हे लोक दुष्ट नव्हेत. ते कर भरणारे, दुकान सचोटीने चालविणारे, मुलांच्या शिक्षणावर खर्च करणारे लोक आहेत. म्हणून त्यांच्या प्रश्नास हसून वाटेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. बोअर, दुर्बीण व किंमत या तिहींविषयी आम्ही सांगणार आहोत. परंतु शहाणा व्यापारी माल घेण्यापूर्वी तो खपेल कोठे हे जसे पाहतो, तसे आपणही आधी पाहू.

पहिली गोष्ट अशी की, जिच्यासाठी ही रायफल घ्यावयाची ती शिकार या देशात हौसेची बाब म्हणून कायद्याने उरलेलीच नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा शिकारीची वाट सर्वस्वी बुजली नव्हती. काही जातींच्या जनावरांची शिकार शुल्क भरून व परवाना काढून करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद केली. आज ससा, भेकर, रानडुक्कर, तित्तर यांपैकी कशावरही केवळ हौसेखातर बार काढण्याची मुभा कोणासही नाही, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. शिवाय कायद्यातील शिकार या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. जनावर मारणे एवढीच शिकार नव्हे. ते पकडणे, त्यास सापळा लावणे, त्या हेतूने त्यास हाकून आणणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच होय. नेम चुकला म्हणून अपराध चुकत नाही.

शिक्षाही लहान नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कैद व पंचवीस हजारांहून कमी नाही इतका दंड आहे. इतर बहुतेक अपराधांस तीन वर्षेपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याखेरीज हत्यार व वाहन सरकारजमा होते, आणि अपराध्याचा शस्त्रपरवाना रद्द करून पुढील पाच वर्षे त्यास नवा मिळू नये असे न्यायालय ठरवू शकते. ज्या मालाचा हेतूप्रमाणे उपयोग करताच माल, गाडी आणि मालक ही तिन्ही ठाण्यात जमा होतात, तो माल स्वस्त मिळाला काय आणि महाग मिळाला काय, खरेदी तोट्याचीच. आमच्या व्यापारी वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

येथे कोणी म्हणेल की, हा कायदा शहरात बसून केलेला आहे. रानालगतच्या शेतकऱ्याचे भात रानडुकरे एका रात्रीत लोळवून टाकतात, त्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. बदलापूरच्या पलीकडे बारवीच्या अंगास ज्यांची शेते आहेत त्यांची वेदना आमच्या हौशी गृहस्थांच्या वेदनेहून फार निराळी आहे. परंतु कायद्यात त्यांच्यासाठी तरतूद आहे. जे जनावर माणसाच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोक्याचे झाले असेल, त्यास मारण्याची परवानगी कारणे नमूद करून लेखी देण्याचा अधिकार कायद्याच्या अकराव्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांस दिलेला आहे. ही परवानगी वेळेवर मिळावी, नुकसानभरपाईचे पैसे पुढल्या पेरणीच्या आत हाती पडावे, यासाठी शेतकऱ्यांनी जेवढा आग्रह धरावा तेवढा थोडा, व त्यांच्या त्या आग्रहास आमचा पाठिंबा राहील. पण हेही पाहावे की, पिकाच्या रक्षणासाठी शस्त्र देताना शस्त्र कायदा ज्याचा उल्लेख करतो ते रायफल नव्हे, तर ठासणीची बंदूक होय. ती जवळच्या कामाची आहे. आणि शेतकऱ्याचे दुःख पुढे करून नगरवासी माणसाने आपली हौस मागील दाराने आत आणावी, हे तर मुळीच शोभत नाही.

रायफल आणि इतर बंदुका यांतील हा भेद आमच्यासारख्या दाट वस्तीच्या भागात जिवामरणाचा आहे. रायफलीच्या नळीत आतून पीळ पाडलेला असतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ व दूर जाते. ०.२२ या लहान बोअरची गोळीदेखील योग्य कोनात सुटली तर सव्वा-दीड किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या बोअरची तीन किलोमीटरांच्याही पुढे जाते. आता आमचा भूगोल पाहा. उल्हासनगर व अंबरनाथ या दोन स्टेशनांतील अंतर दोन-तीन किलोमीटरांचे. मध्ये रिकामी जमीन अशी उरलीच नाही. चाळी, इमारती, कारखाने, शाळा एकमेकांस खेटून आहेत. बदलापूरच्या ज्या टेकड्या काल उजाड होत्या त्यांच्या पायथ्याशी आज गृहसंकुले उभी आहेत. अशा ठिकाणी डुकरावर झाडलेली व डुकरास न लागलेली गोळी कोणाच्या खिडकीत जाऊन थांबेल, हे झाडणारा सांगू शकत नाही.

दुसरे कित्येक असे म्हणतात की, शिकार राहू द्या. दुकानात रोकड असते, घरी सोनेनाणे असते, रक्षणासाठी तरी रायफल हवी. यास आमचे उत्तर असे की, लांब नळीची, दूर पल्ल्याची रायफल ही गल्लीत, जिन्यावर किंवा पेढीत रक्षण करावयाचे साधनच नव्हे. शिवाय घरातील शस्त्र चोराच्या आधी रागाच्या हाती लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरात प्रत्यक्ष पोलीस ठाण्याच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या, हे येथील प्रत्येकास माहीत आहे. ते प्रकरण न्यायाधीशांचे आहे, आम्ही त्याच्या गुणदोषांत शिरत नाही. एवढेच म्हणतो की, जेथे रक्षणकर्त्यांची टेबले मांडलेली होती तेथेही दोन क्षणांत जे घडावयाचे ते घडले. आणि लग्नाच्या वरातीत अथवा निवडणुकीच्या विजयात आकाशात बार काढणे ज्यांस मर्दुमकी वाटते, त्यांनी २०१९ ची शस्त्र कायद्याची दुरुस्ती वाचावी. आनंदाचे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास तीत दोन वर्षेपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. त्याच दुरुस्तीने सामान्य माणसास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनावर आणली, आणि बिनपरवान्याच्या शस्त्रास किमान दोन व कमाल पाच वर्षे कैदेची शिक्षा केली. आडवाटेने मिळणारी स्वस्त बंदूक ही सर्व मालांत महाग होय.

आता बोअरविषयी. शिकारीच्या रायफलीची गोष्ट निघाली की आपल्याकडे ०.३१५ हा आकडा प्रथम ऐकू येतो. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी ही रायफल साधारण आठ मिलिमीटर बोअरची. हा आकडा रूढ होण्याचे कारण जनावरांत नसून राज्यकर्त्यांच्या भयात आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल ०.३०३ बोअरची होती. फौजेचे काडतूस प्रजेच्या बंदुकीत बसू नये म्हणून प्रजेसाठी निराळी बोअरे ठरली, आणि लष्करी बोअरे सामान्य माणसास निषिद्ध झाली. ती विभागणी स्वराज्यातही मूलतः तशीच राहिली. लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत १८७८ साली हिंदी लोकांच्या हातातील शस्त्रांवर कायदा झाला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडासही कुलूप लागले. वृत्तपत्रांचे कुलूप चार वर्षांत निघाले; शस्त्रांचा तो कायदा मात्र स्वराज्य आल्यावर १९५९ चा नवा कायदा होईपर्यंत कायम होता. गोऱ्यास मोकळीक आणि काळ्यास बंदी हा त्यातील भेद आमच्या मागील पिढ्यांतील पुढाऱ्यांस सलत असे, आणि तो सलणे रास्तच होते.

परंतु त्या काळच्या मागणीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. शस्त्र हाती असावे म्हणजे जनावरे मारावी, किंवा शेजाऱ्यास दबकावावे, असे त्या पुढाऱ्यांस म्हणावयाचे नव्हते. माणूस म्हणून आपणावर विश्वास ठेवला जावा, आणि शस्त्र हाती घेऊनही संयम राखण्याची आपली योग्यता आहे हे मान्य व्हावे, ही ती मागणी होती. स्वराज्य आल्यावर तिला योग्य रूप एका मराठी माणसाने दिले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली व तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या गृहस्थाचे सारे आयुष्य सभेतील शिस्त राखण्यात गेले त्याने नेमबाजीची संस्था काढावी, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. दोन्ही ठिकाणी आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि सुटलेली गोष्ट परत येत नाही हे जाणणे, हेच मुख्य आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीशी असलेली एक स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने भरते.

तेव्हा पहिली बंदूक कोणती, या प्रश्नास आमचे उत्तर असे : शिकारीची नव्हे, चांदमारीची, दारूची नव्हे, हवेची, आणि बोअर ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर. हे बोअर आम्ही काटकसरीखातर सांगतो असे नव्हे. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरांवरील रायफलीचा सामना याच बोअरने खेळला जातो. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ हून मोठे बोअर नसलेल्या व वीस जूलांहून अधिक जोर नसलेल्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही. विक्रेत्यास ओळखीचा कागद मात्र दाखवावा लागतो. याहून मोठ्या बोअरची किंवा अधिक जोराची घेतली की परवान्याची बाब उत्पन्न होते. अन् ०.२२ ची काडतुसाची रायफल हवी असेल तर अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण पाहिजे, पोलिसांची चौकशी झाली पाहिजे, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतलेले पाहिजे. आमच्या तिन्ही शहरांतील लोकांस त्यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे जावे लागेल. ती दुसरी पायरी आहे. पहिली पायरी न चढता दुसरीवर उडी मारू नये.

हवेच्या रायफलीत दोन जाती आहेत. एकीत नळी किंवा दांडा ओढून आतील स्प्रिंग दाबावयाची. दुसरीत नळीखालच्या टाकीत दाबलेली हवा भरलेली असते. स्प्रिंगची काही हजार रुपयांत मिळते, दणकट असते व हाताळण्याची सवय लावण्यास पुरते. परंतु स्प्रिंग सुटताना बंदूक आधी मागे व लगेच पुढे झटका देते, त्यामुळे नवशिक्यास चूक आपली की बंदुकीची हे कळत नाही. स्पर्धेत हवेच्या टाकीचीच चालते. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ या जर्मन कारखान्यांच्या रायफली प्रसिद्ध आहेत. पण त्यांची किंमत लाखाच्या पुढे जाते. खोल व सरळ छिद्रे पाडण्याची यंत्रे बनविणाऱ्या प्रेसिहोल या आपल्याच ठाणे जिल्ह्यातील उद्योगाने हवेच्या रायफलीही बनविण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट होय. जुनी रायफल घेण्यास हरकत नाही. पण घेताना तिच्या टाकीवरील तारीख पाहावी. हवेच्या टाकीची मुदत सामान्यतः दहा वर्षांची धरलेली असते. मुदत सरलेली टाकी स्पर्धेत अडते, आणि दाबलेल्या हवेच्या बाबतीत मुदत ही काही बाराखडी नव्हे की विसरली तरी चालेल. दस्ता मुलाच्या अंगास बेतता येतो किंवा नाही हेही पाहावे. स्पर्धेत रायफल साडेपाच किलोपर्यंत जड चालते. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तेवढे वजन देणे म्हणजे त्याची पाठ वाकविणे होय.

राहता राहिली दुर्बीण. येथे आम्ही वाचकांचे पैसे सरळ वाचवू इच्छितो. ऑलिंपिकच्या रायफल सामन्यांत दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे वर्तुळ, आणि त्या दोहोंच्या मधोमध निशाणाचा काळा गोल, एवढेच साधन. दहा मीटरांवरील निशाणात दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो उघड्या डोळ्यास दिसत नसताही जगातील मुलेमुली तो उडवितात. जी तीन ते नऊ पट मोठे दाखविणारी दुर्बीण बाजारात हौसेने घेतली जाते ती बहुधा शंभर यार्डांच्या अंतरास जुळविलेली असते. दहा मीटरांवर डोळा किंचित हलला की तीतील फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. त्यातून स्प्रिंगच्या उलटसुलट झटक्याने स्वस्त दुर्बिणीची आतील भिंगे ढिली होतात. म्हणून दुर्बिणीचे पैसे जाड जाकिटास, चांगल्या छऱ्यांस व शिकविणाऱ्याच्या मानधनास लावावे.

आणखी दोन गोष्टी. परवाना लागत नाही म्हणून हवेची रायफल खेळणे होत नाही. तिचा छरा डोळा फोडू शकतो, आणि कठीण भिंतीवरून उलट येतो. गच्चीवरून, खिडकीतून किंवा गल्लीत ती कधीही चालवू नये. पाखरांवर चालविणे हा तर वर सांगितलेला शिकारीचाच अपराध होईल. भरलेली नाही असे वाटत असले तरी ती भरलेलीच आहे असे समजावे. बोट चापावर शेवटच्या क्षणी ठेवावे. काम झाले की कुलपात. छरे शिशाचे असतात, तेव्हा जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे. जो बाप एवढे नियम स्वतः पाळणार नसेल त्याने मुलाच्या हाती रायफल देऊ नये.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. टाकीची चांगली रायफल, जाकीट, जोडे, छरे, हवा भरण्याचे साधन, हा सारा खर्च एका मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या आवाक्यात नाही, हे आम्ही जाणतो. अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराच्या मुलीने, उल्हासनगरच्या कापड-दुकानात उभे राहणाऱ्या गुमास्त्याच्या मुलाने काय करावे? घरोघरी रायफल हे उत्तर चुकीचे आहे. आपल्या पूर्वजांनी याचे उत्तर फार पूर्वी काढून ठेविले आहे. मल्लखांब कोणी घरी पुरतो काय? मुद्गल, करेला, लेझीम प्रत्येकाने स्वतःची विकत घेतली असती तर तालमी कधी उभ्याच राहिल्या नसत्या. मल्लखांब तालमीचा असतो. त्यावर सावकाराचा मुलगा व हमालाचा मुलगा आपापल्या पाळीने चढतात, आणि उस्तादाच्या नजरेसमोर चढतात. रायफलही तशीच सामाईक असावी. पहिली बंदूक माणसाने घेऊ नये, गावाने घ्यावी.

यास लागते किती? दहा मीटर म्हणजे सुमारे तेहतीस फूट. पन्नास फूट लांब व वीस फूट रुंद अशा बंद दालनात पाच जणांस एका वेळी उभे राहता येते. दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत दीड-दीड तासाच्या चार पाळ्या धरल्या तर एका रायफलीवर दिवसास चार मुले शिकतील. एकाआड एक दिवस धरला तर आठ. पाच रायफलींवर चाळीस मुले. दहीहंडीच्या एका संध्याकाळी, ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर व पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फलकांवर आमच्या गावांत जो पैसा उधळला जातो त्याच्या एका लहान अंशात हे दालन उभे राहील. जेथे चांदमारीची सोय झालेली आहे तेथे तिचे दार शुल्क न परवडणाऱ्या मुलांस किती उघडे आहे, हे नगरसेवकांनी पाहावे. जेथे नाही तेथे शाळांनी, व्यायामशाळांनी व व्यापारी मंडळांनी एकत्र यावे. आज येथील मुलास वरळीच्या मैदानावर किंवा पनवेलीस जाऊन शिकावयाचे म्हटले तर गर्दीच्या लोकलमध्ये लांब पेटी सांभाळीत दिवसाचे कित्येक तास जातात. ते तास त्याच्या अभ्यासातून व झोपेतून वजा होतात.

सामाईक साधनाने काय होते हे दूर जाऊन पाहावयास नको. अंजली भागवत यांनी प्रथम रायफल हाती धरली ती राष्ट्रीय छात्रसेनेत; तेथे साधन सरकारचे होते. त्याच पुढे २००२ साली म्युनिक येथे स्त्री-पुरुषांच्या एकत्र सामन्यात अव्वल ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली पन्नास मीटरांवर जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून शिकले, रेल्वेत नोकरीस लागले, आणि २०२४ साली पॅरिस येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले; १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक आणल्यावर महाराष्ट्राच्या वाट्यास वैयक्तिक पदक येण्यास बहात्तर वर्षे लागली. यांपैकी कोणाच्याही कीर्तीस एका जनावराचेही रक्त लागलेले नाही. आणि यांत मुलींची नावे किती आहेत तेही पाहावे. हा खेळ बाहुबळाचा नसून श्वास, डोळा व मन यांच्या निग्रहाचा आहे. त्यात मुलीस सवलत देण्याचे कारण नाही, तशी वगळण्याचेही नाही. ज्या घरी मुलासाठी रायफलीची चौकशी होते त्या घरी मुलीसही तीच संधी मिळावी, असा आमचा आग्रह आहे. जवळच्या महाविद्यालयात छात्रसेनेचे पथक आहे काय, याची चौकशी फुकट होते. ती दोघांसाठीही आधी करावी.

अंबरनाथ हे आयुधांचे गाव आहे. १९५३ सालापासून येथील सरकारी कारखान्यात काडतुसांना लागणारे पितळ तयार होत आले आहे. त्यापूर्वीपासून येथील विम्कोच्या कारखान्यात काडेपेट्या होत. तो कारखाना आता राहिला नाही, पण काडीविषयीचा धडा प्रत्येक घरात अजून चालू आहे. काडेपेटी घरी असते, तरी ती मुलाच्या हाती कोणत्या वयात, कोणाच्या देखत व कशासाठी द्यावी हे आई ठरविते. शस्त्राविषयीही आम्हांस दुसरे काही म्हणावयाचे नाही. ते गावात असावे, पण सर्वांचे असावे. मुलांनी ते हाती घ्यावे, पण गुरूच्या देखत घ्यावे. नेम धरावा, पण कागदावर धरावा.

येत्या दसऱ्यास आमच्या वाचकांपैकी ज्या गृहस्थांनी रायफलीसाठी पैसे बाजूस काढून ठेविले असतील, त्यांनी ते तसेच ठेवावे. पण शेजारच्या चौघांस बोलवावे, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जावे, आणि एक दालन मागावे. पाच घरांचे पैसे एकत्र झाले की पहिली रायफल येईल. आणि पुढल्या दसऱ्यास तिच्यावर झेंडूची माळ घालावयास एका घरातील चार माणसे नसून चाळीस मुले उभी असतील.